विश्लेषण : विमान उडाले, इंजिन नापास! अर्ध्या वाटेवर इंजिन बदलले की नेमके काय होते?

नवे विमान आकाराला येत असतानाच त्याचे इंजिन बदलावे लागले तर? अमेरिकेतील ‘एक्लिप्स ५००’ या छोट्या जेटवर ही वेळ आली. भारताच्या ‘एचजेटी-३६’ या प्रशिक्षण विमानानेही हा वळसा घेतला. दुचाकीचे इंजिन गेले तर गॅरेजवाला दोन दिवसांत दुसरे बसवून देतो. विमानाच्या बाबतीत त्याच कामाला तीन-चार वर्षे का लागतात, आणि निर्णय बरोबर असूनही कंपनी का बुडू शकते, याचा हा आढावा.

एक्लिप्सचे काय झाले?

२६ ऑगस्ट २००२. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरातून एक इवलेसे, सहा आसनी, दोन इंजिनांचे जेट पहिल्यांदा हवेत झेपावले. कंपनीचे नाव एक्लिप्स एव्हिएशन. संस्थापक व्हर्न रेबर्न हे मूळचे संगणक क्षेत्रातले, मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या काळातील अधिकारी. कॉम्प्युटर जसा कार्यालयातून घराघरात आला, तसे जेट विमानही स्वस्त करून दाखवायचे, हे त्यांचे स्वप्न होते. २००३ च्या अखेरीस सरकारी प्रमाणपत्र आणि लगेच विमानांचे वितरण, असे वेळापत्रक ठरले होते. मागणी नोंदवणाऱ्यांची रांग लागली होती.

पहिल्या उड्डाणानंतर जेमतेम तीन महिन्यांत, नोव्हेंबर २००२ मध्ये, कंपनीने इंजिन पुरवठादाराशी असलेला करार संपवत असल्याचे जाहीर केले. विल्यम्स इंटरनॅशनलचे ‘ईजे२२’ हे इंजिन या विमानासाठी व्यवहार्य ठरणार नाही, असा निष्कर्ष निघाला होता. म्हणजे विमानाचा सांगाडा होता, कारखाना होता, ग्राहक होते. इंजिन तेवढे नव्हते.

असे बेभरवशाचे इंजिन निवडलेच कशाला?

मागे वळून पाहताना हा प्रश्न सोपा वाटतो, पण तेव्हाची निवड वेडेपणाची नव्हती. छोट्या विमानांसाठी स्वस्त आणि हलकी इंजिने बनावीत म्हणून नासाने १९९६ च्या सुमारास एक कार्यक्रम हाती घेतला होता. त्यात विल्यम्स कंपनी सहभागी होती. ही कंपनी नवखी नाही. टॉमाहॉक क्रूझ क्षेपणास्त्राचे इंजिन तिचेच, आणि सेस्नाच्या ‘सायटेशनजेट’ विमानाचेही. नासाच्या कार्यक्रमातून पुढे आलेल्या कल्पनेवरच ईजे२२ बेतले होते.

या इंजिनाचे आकडे मोह पाडणारे होते. वजन ४० किलोंपेक्षाही कमी आणि थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारे बल, सुमारे ३५० किलो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास नऊपट. हे गुणोत्तर लढाऊ विमानांच्या इंजिनांच्या पंक्तीत बसणारे आहे. एवढे हलके इंजिन मिळणार म्हटल्यावर विमानही हलके आखता आले. हलके विमान म्हणजे कमी इंधन, छोटे पंख, कमी खर्च. त्यातूनच ८ लाख ३७ हजार ५०० डॉलर ही किंमत जाहीर झाली. तेव्हाच्या दराने पावणेचार कोटी रुपयांच्या आसपास. त्या काळी सर्वात स्वस्त नवे बिझनेस जेटही याच्या कितीतरी पट किमतीला मिळत असे.

अडचण एवढीच की हे इंजिन विमानाबरोबरच जन्माला येत होते. जेट इंजिन लहान करणे हे फोटोकॉपी मशीनवर आकार कमी करण्यासारखे नसते. आतल्या फिरत्या पात्यांची टोके आणि बाहेरचे कवच यांच्यात एक सूक्ष्म फट ठेवावी लागते. इंजिन लहान केले म्हणून ती फट त्याच प्रमाणात लहान करता येत नाही, कारण धातू तापल्यावर प्रसरण पावतोच आणि मशीनच्या अचूकतेलाही मर्यादा असते. मोठ्या इंजिनात या फटीतून निसटणारी हवा नगण्य असते, छोट्यात ती डोळ्यांत भरते. शिवाय पाती लहान म्हणून त्यांना जास्त वेगाने फिरवावे लागते, आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. क्षेपणास्त्राचे इंजिन एकदाच, काही तास चालले की त्याचे काम झाले. प्रवासी विमानाच्या इंजिनाने मात्र हजारो तास कुरकुर न करता चालायचे असते.

मग दुसरे इंजिन घेऊन बसवायचे, एवढेच ना?

फेब्रुवारी २००३ मध्ये एक्लिप्सने प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाच्या ‘पीडब्ल्यू६१०एफ’ या इंजिनाची निवड जाहीर केली. थ्रस्ट सुमारे ४०० किलो, म्हणजे आधीपेक्षा जास्त. कंपनी भक्कम, जगभर दुरुस्तीचे जाळे. पण इंजिनाचे वजन ११८ किलोंच्या घरात, म्हणजे जुन्याच्या जवळपास तिप्पट. गोष्ट इथून सुरू होते.

एक्लिप्सची दोन्ही इंजिने शेपटाजवळ, मागच्या अंगाला बसवलेली होती. प्रत्येकी ऐंशीएक किलो वाढले म्हणजे शेपटाकडे दीडशे किलोंहून अधिक जादा भार आला. सी-सॉवर एका बाजूला दोन मोठी माणसे अचानक येऊन बसावीत तसे. विमान हवेत तोल राखते ते त्याचा गुरुत्वमध्य ठरावीक पट्ट्यात असतो म्हणून. तो मागे सरकला की विमान नाक वर करू पाहते, वेग कमी झाला की सावरायला अवघड होते. मग अभियंत्यांपुढे मोजकेच पर्याय उरतात : जड वस्तू नाकाकडे हलवा, पंखांची जागा बदला, शेपूट मोठे करा. प्रत्येक पर्याय म्हणजे नवे आरेखन आणि नवे भाग. काही वेळा नाकात निव्वळ वजन म्हणून शिसे ठेवण्याची वेळ येते, आणि त्याचा उल्लेख माहितीपत्रकात कुणी करत नाही.

पुढचा मुद्दा इंजिनाला धरून ठेवणाऱ्या कंसांचा. इंजिनाचे वजन, कंपने आणि एखादे पाते तुटले तर बसणारा हिसका, हे सारे त्या कंसांमधून विमानाच्या सांगाड्यात उतरते. इंजिन तिप्पट जड झाले की मागच्या भागाची ताकद पुन्हा मोजावी लागते. बाहेरचे कवच बदलते, कवच बदलले की त्यावरून वाहणारी हवा बदलते, आणि शेपटापर्यंत पोहोचणारा प्रवाहही. आगीची सूचना देणाऱ्या आणि आग विझवणाऱ्या यंत्रणा नव्याने बसवाव्या लागतात.

सर्वसामान्यांना सहसा माहीत नसलेली बाब म्हणजे जेट इंजिन केवळ विमान ढकलत नाही. ते विमानाचे वीजघर असते आणि हवेचा पंपही. इंजिनातून काढून घेतलेल्या दाबाच्या हवेवर केबिनमधला दाब आणि उष्णता राखली जाते, पुढच्या कडांवर बर्फ साचू नये म्हणूनही ती वापरतात. नवे इंजिन ही हवा वेगळ्या दाबाने, वेगळ्या तापमानाला देते. म्हणजे नळ्या, झडपा, थंड करणारी यंत्रणा, जनित्र, सगळे पुन्हा तपासा. वर इंजिन चालवणारा कॉम्प्युटर आणि वैमानिकासमोरचे पडदे एकमेकांशी बोलले पाहिजेत, हे वेगळेच.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आमच्या गटाने स्पर्धेच्या दीड महिना आधी गो-कार्टचे इंजिन बदलायचे ठरवले होते. ‘चार बोल्ट तर आहेत’ असे म्हणणारा मीच. पुढे चेनची रेष जुळेना म्हणून मागचा एक्सल सरकला, एक्सल सरकला म्हणून ब्रेकचा ब्रॅकेट बदलला, आणि शेवटी सायलेन्सर सीटला टेकू लागला. ते जमिनीवर चालणारे खेळणे होते. तरीही ‘चार बोल्ट’ म्हणणाऱ्यांकडे मी तेव्हापासून संशयाने पाहतो.

वजन एवढे का वाढत जाते?

विमान बनवणाऱ्यांना सर्वात जास्त धास्ती असते ती वजनाच्या या चक्राची. इंजिन जड, म्हणून त्याला धरणारा सांगाडा जड. थ्रस्ट जास्त, म्हणून इंधन जास्त लागणार. इंधन जास्त, म्हणून टाक्या मोठ्या, पंखांवर भार जास्त, म्हणून पंखांचा कणा जाड. एवढे सगळे घेऊन उतरायचे म्हणून चाके आणि ब्रेक दणकट. आणि मग लक्षात येते की वाढलेल्या विमानाला आणखी थ्रस्ट हवा. एक्लिप्सचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन मूळ आखणीत सुमारे २१३० किलो होते. इंजिन बदलानंतर ते २५५० किलोंच्या पुढे गेले. दोन्ही इंजिनांच्या वजनात पडलेला फरक १६० किलोंच्या आसपास आणि विमान मात्र ४०० हून अधिक किलोंनी वाढले, यात चक्राचे सगळे गणित आले. अर्थात ही सगळी वाढ इंजिनाच्याच खात्यावर टाकता येणार नाही, नव्या विमानांचे वजन एरवीही वाढतच असते.

प्रमाणपत्राचे काम पुन्हा पहिल्यापासून का?

अमेरिकेत एफएए आणि भारतात डीजीसीए या यंत्रणा इंजिनाला वेगळे आणि विमानाला वेगळे प्रमाणपत्र देतात. इंजिनाने आपल्या चाचण्या दिल्या पाहिजेत : त्यात पक्षी फेकला जातो, पाणी ओतले जाते, ते तासन्‌तास कमाल तापमानावर चालवले जाते. त्याशिवाय विमानाने त्याच इंजिनासह आपली परीक्षा द्यायची. धावपट्टी किती लागते, एक इंजिन बंद पडले तर चढता येते का, किती वेगाला विमान हवेत तग धरणे सोडते, हे सगळे विकल्या जाणाऱ्या इंजिनावरच मोजलेले असावे लागते. जुन्या इंजिनावरचे आकडे बहुतेक कागदावरच राहतात.

एक्लिप्सने यातून एक वाट काढली, आणि ती हुशारीची होती. नवे इंजिन यायला वेळ होता, म्हणून २००३ मध्ये टेलिडाइन कंपनीची तात्पुरती इंजिने लावून विमान उडवले गेले. त्यावर कामगिरी मोजता येणार नव्हती, पण सुकाणू, चाके, विद्युत यंत्रणा यांची उजळणी झाली. पीडब्ल्यू६१०एफ लावलेले विमान पहिल्यांदा उडाले ते ३१ डिसेंबर २००४ रोजी. पूर्ण प्रमाणपत्र मिळाले ३० सप्टेंबर २००६ ला. मूळ वेळापत्रकापेक्षा पावणेतीन वर्षे उशिरा. गंमत म्हणजे याच इंजिन कुटुंबातील थोडे मोठे ‘पीडब्ल्यू६१५एफ’ घेऊन सेस्नाने ‘मस्टँग’ हे छोटे जेट बनवायला घेतले होते, आणि त्याला एक्लिप्सच्या काही आठवडे आधीच प्रमाणपत्र मिळून गेले. जुनी कंपनी, फारसा गाजावाजा नाही.

निर्णय बरोबर होता, तरी कंपनी का बुडाली?

इंजिन बदलण्याचा निर्णय चुकला होता, असे म्हणता येत नाही. ईजे२२ पुढे कधीच बाजारात आले नाही. पीडब्ल्यू६१०एफवर एक्लिप्स विमाने आजही उडतात. रेबर्न जुन्याच इंजिनावर अडून बसले असते तर बहुधा विमानच झाले नसते.

पण हलक्या इंजिनाच्या भरवशावर दिलेले शब्द तसेच उरले. इंजिन बदलताच किंमत साडेनऊ लाख डॉलरवर गेली, नंतर टप्प्याटप्प्याने वाढत २००८ पर्यंत २१ लाख ५० हजारांवर पोहोचली. आधीच्या किमतीत नोंदणी केलेल्या ग्राहकांची विमाने मात्र कमी दरातच द्यायची होती. उशिराच्या प्रत्येक महिन्याचा पगार, भाडे, व्याज वेगळे. पुढे कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही पुरवठादारासकट बदलावी लागली. हवाई टॅक्सी चालवण्यासाठी मोठी मागणी नोंदवणारी ‘डेजेट’ ही कंपनी सप्टेंबर २००८ मध्ये बंद पडली. त्यात जागतिक मंदी आली. नोव्हेंबर २००८ मध्ये एक्लिप्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तोवर २६० च्या आसपास विमाने बनली होती. वर्षाला शेकड्यांनी विमाने बनवून स्वस्त विकण्याचे गणित त्या आकड्यावर जमणारे नव्हते. बुडण्याचे सगळे खापर इंजिनावर फोडणे अन्यायाचे होईल. मात्र कंपनीची गंगाजळी पहिल्यांदा आटली ती त्या तीन वर्षांत, हे उघड आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर घडलेला प्रसंग इंजिन आणि विमान यांच्या ‘संवादा’बद्दल बरेच सांगतो. उतरताना वाऱ्याचा झोत आल्याने वैमानिकाने थ्रॉटलचे दांडे जोरात पुढे ढकलले. दांड्यांची स्थिती ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली, कॉम्प्युटरने तो बिघाड समजला आणि इंजिनांना आधीचीच शक्ती धरून ठेवायला सांगितले. ती होती पूर्ण शक्ती. दोन्ही इंजिने कमाल जोरावर अडकली. वैमानिकांनी फेरी मारून एक इंजिन बंद केले, तर दुसरे किमान शक्तीवर गेले आणि प्रतिसाद देईना. तशाच अवस्थेत विमान उतरवले. टायर फुटले, पण आतले चौघेही सुखरूप राहिले. हा इंजिन बदलाचा थेट परिणाम नव्हता. मात्र इंजिन आणि विमान यांच्या मधल्या सांध्यात, सॉफ्टवेअरच्या एका आकड्यात, काय लपून राहू शकते ते त्यातून दिसले. एफएएने आठवडाभरात तातडीचे आदेश काढले.

या कथेला एक तिरकस शेपूट आहे. एक्लिप्सचा वारसा पुढे ज्या कंपनीकडे गेला, तिने सुधारित विमानाचा प्रकल्प हाती घेतला तेव्हा त्यासाठी निवडलेले इंजिन विल्यम्सचे होते. वेगळे आणि प्रमाणपत्र मिळालेले, एफजे३३. ती कंपनीही २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

भारताचा अनुभव काय सांगतो?

एअर शोमध्ये ‘सूर्यकिरण’ पथकाच्या लाल-पांढऱ्या विमानांनी ज्यांच्या माना वर वळवल्या, त्यांनी ‘किरण’ हे विमान पाहिले आहे. १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेले हे विमान हवाई दलाच्या वैमानिकांना प्रशिक्षणाच्या मधल्या टप्प्यात लागते. त्याची जागा घेण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने (एचएएल) ‘एचजेटी-३६ सितारा’ आखले. ७ मार्च २००३ रोजी ते बंगळूरुत उडाले, फ्रेंच ‘लार्झॅक’ इंजिनावर. सुमारे १४ किलोन्यूटन थ्रस्ट विमानाला अपुरा वाटत होता. म्हणून रशियाच्या एनपीओ सॅटर्न कंपनीचे ‘एएल-५५आय’ निवडले गेले, थ्रस्ट १७ किलोन्यूटनच्या आसपास. त्याचे उत्पादन ओडिशातील कोरापुटला व्हावे, अशी योजना होती. करार झाला २००५ मध्ये. पण हे इंजिनही तेव्हा विकसित होत होते, म्हणजे एक्लिप्सने केलेली चूक इथे इंजिन बदलताना झाली. नव्या इंजिनासह विमान उडायला मे २००९ उजाडले.

पुढे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. वेग कमी झाला की विमान एका अंगावर कलंडू लागले, आणि प्रशिक्षण विमानाला तर मुद्दाम गिरक्या घालून त्यातून बाहेर यावे लागते, कारण शिकाऊ वैमानिक चुकणारच असतो. शेपटाचा उभा भाग आणि सुकाणू बदलावे लागले. गिरक्यांच्या चाचण्या सुरू व्हायला २०२० साल आले. दरम्यान, फेब्रुवारी २०११ मध्ये प्रशिक्षण विमानांचा तुटवडा भासल्याने ‘सूर्यकिरण’ पथकच थांबवावे लागले आणि त्याची किरण विमाने शिकवणीला लावली गेली. पथक परतले ते ब्रिटिश बनावटीच्या ‘हॉक’ विमानांवर. सिताराचे २०२५ च्या ‘एअरो इंडिया’त ‘यशस’ असे नवे नामकरण झाले.

बंगळूरुच्याच नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचे (एनएएल) ‘सारस’ हे छोटे प्रवासी विमान वजनाच्या चक्रात उलट्या बाजूने सापडले. रिकाम्या विमानाचे वजन ४१२५ किलो असावे असे ठरले होते, मे २००४ मध्ये उडालेल्या पहिल्या नमुन्याचे भरले सुमारे ५११८ किलो. ८५० अश्वशक्तीची इंजिने या वजनाला पुरेनात. म्हणून २००७ च्या दुसऱ्या नमुन्यावर त्याच घराण्यातील १२०० अश्वशक्तीची इंजिने बसवली आणि सांगाड्याचे वजनही कमी केले. ६ मार्च २००९ रोजी हवेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालू असताना ते विमान बिडदीजवळ कोसळले, हवाई दलाचे दोन वैमानिक आणि चाचणी अभियंता मृत्युमुखी पडले. चौकशीत ठपका आला तो इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी ठरवून दिलेल्या चुकीच्या पद्धतीवर. त्यानंतर जवळपास नऊ वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, सुधारित पहिला नमुना पुन्हा उडाला. १९ आसनी ‘सारस मार्क-२’ साठी ठरवलेली इंजिने दुसऱ्या नमुन्यावरच्याच घराण्यातील, १२०० अश्वशक्तीची आहेत.

याच संस्थेच्या दोन आसनी ‘हंसा’ची कथा त्यामानाने शांत आहे. आधीच्या ‘हंसा-३’वर रोटॅक्स ९१४ इंजिन होते. नव्या ‘हंसा-एनजी’साठी त्याच ऑस्ट्रियन कंपनीचे, डिजिटल नियंत्रण असलेले ९१२ आयएससी घेतले गेले. बाजारात आधीच असलेले, जगभर छोट्या विमानांवर चालणारे. ३ सप्टेंबर २०२१ रोजी हंसा-एनजीने पहिले उड्डाण केले. बारामती, धुळे, गोंदिया येथे विमान चालवायला शिकणारी मुले आज बहुतांशी परदेशी बनावटीच्या विमानांवर तास भरतात. हंसा-एनजी बनवले आहे ते अशाच प्रशिक्षण संस्थांसाठी.